दारापासून दारापर्यंत : विद्यार्थ्याचा लांबचा विमानप्रवास आणि त्याचा हिशेब

(परदेशी शिकायला निघालेले विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर सातारा आणि सांगली इथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आम्ही काही शिक्षक आणि बाहेर शिकून आलेले काही माजी विद्यार्थी मिळून दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर या दोन जिल्ह्यांत मुलांशी बोलतो. कोर्स कुठला घ्यावा, विद्यापीठ कुठलं निवडावं, हे सांगणारे पुष्कळ आहेत. आम्ही फक्त प्रवासाबद्दल बोलतो. पहिल्या वर्षी एका पालकांनी विचारलं होतं, "प्रवासाचं काय एवढं, तिकीट काढलं की झालं." या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर कराडजवळच्या गोळेश्वरला जावं लागतं.

खाशाबा जाधव गोळेश्वरचे. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकला जायचं होतं आणि पैसे नव्हते. गावानं, आजूबाजूच्या लोकांनी वर्गणी काढली. ज्या कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात ते शिकले, तिथले प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कुस्तीत ब्राँझ पदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावी आल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मग या माणसानं काय केलं, तर कुस्त्यांची मैदानं भरवली आणि त्यातून देणं फेडलं.

ही गोष्ट इथे सगळ्यांना पाठ आहे. तिच्यातला एक तुकडा मात्र कमी सांगितला जातो. हेलसिंकीत एक दमवणारी कुस्ती संपली आणि खाशाबांना लगेच पुढच्या कुस्तीला बोलावलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी, असा नियम होता. पण तो नियम दाखवून बाजू मांडणारा आपला एकही अधिकारी त्या वेळी तिथे हजर नव्हता, असं सांगतात. ते तसेच मैदानात उतरले आणि हरले.

गहाण पडलेलं घर आणि न मिळालेला अर्धा तास, या दोन गोष्टी आजच्या बोलण्यात आम्ही पुनःपुन्हा आणणार आहोत. तुमच्यापैकी बऱ्याच घरांत शैक्षणिक कर्ज काढलंय, कुणी जमिनीचा तुकडा तारण ठेवलाय. अशा मुलाची प्रवासात एक चूक झाली तर ती निस्तरायला हातात पैसे नसतात. श्रीमंत घरचा मुलगा चुकला तर दुसरं तिकीट काढतो. आपल्याला ते परवडत नाही, म्हणून आपण नियम आधी माहीत करून घ्यायचे.

स्वस्त तिकीट म्हणजे काय

मोबाइलवर दिसतो तो आकडा म्हणजे प्रवासाचा खर्च नव्हे. घरच्या दारातून निघाल्यापासून तिकडच्या वसतिगृहाच्या दारात बॅग टेकवेपर्यंत जे काही खिशातून जातं, तो प्रवासाचा खर्च.

समजा, एक तिकीट ४२ हजारांचं आहे आणि दुसरं ४७ हजारांचं. पहिल्यात एकच बॅग नेता येते आणि विमान रात्री साडेअकराला तिकडे उतरतं. दुसऱ्यात दोन बॅगा आहेत आणि ते दुपारी उतरतं. पहिल्या तिकिटावर दुसऱ्या बॅगेचे पैसे भरा, मध्यरात्री बस-ट्रेन नाही म्हणून टॅक्सी करा किंवा हॉटेलात रात्र काढा. पाच हजार वाचले म्हणता म्हणता दहा हजार जातात. म्हणून कागद घ्या, दोन्ही तिकिटांखाली दारापासून दारापर्यंतचे सगळे खर्च मांडा आणि मग ठरवा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. मधे विमान बदलायचं असेल तर सगळा प्रवास एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआरवर हवा. एका तिकिटावर असताना पहिलं विमान उशिरा पोचलं आणि दुसरं सुटलं, तर तुम्हाला पुढे पोचवणं ही कंपनीची जबाबदारी असते. दोन वेगळी तिकिटं जोडून घेतली असतील तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही वेळेवर न आलेले प्रवासी. तिकीट बुडालं.

आमच्यातल्याच एकानं हे केलं होतं. दोन तिकिटं वेगवेगळी काढून नऊ हजार वाचवले. पहिलं विमान चार तास उशिरा आलं. परक्या विमानतळावर, खिशात मोजके पैसे, आणि आयत्या वेळचं तिकीट मूळच्या दुप्पट. घरी फोन केला तेव्हा वडिलांनी ओळखीच्या दुकानदाराकडून उसने आणून पाठवले. आज तो हसत सांगतो, पण ते पैसे फेडायला वडिलांना दोन हंगाम लागले.

वेगळ्या तिकिटांत आणखी एक अडचण असते. बॅगा मधल्या विमानतळावर उतरवून घ्याव्या लागतात. त्यासाठी त्या देशात शिरावं लागतं आणि शिरायला त्या देशाचा व्हिसा लागतो. काही देशांत तर बाहेर न पडता नुसतं विमान बदलायलाही आपल्या पासपोर्टवर ट्रान्झिट व्हिसा मागतात. हे नियम बदलत राहतात, म्हणून मित्राच्या अनुभवावर जाऊ नका. ज्या देशात थांबणार त्या देशाच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर, तिकीट काढण्याच्या दिवशी, स्वतः वाचा.

आता पैसे वाचवायच्या जागा. बऱ्याच विमान कंपन्या विद्यार्थ्यांना वेगळा दर देतात. काही भाड्यात थोडी सवलत देतात, काही दहा किलोपर्यंत किंवा एक बॅग जादा देतात. यातली गोम अशी की 'विद्यार्थी' हा पर्याय तिकीट काढतानाच निवडावा लागतो, नंतर मागून मिळत नाही. आणि काउंटरवर ओळखपत्र किंवा प्रवेशाचं पत्र दाखवावं लागतं. निघायच्या तारखेत दोन-तीन दिवसांची मोकळीक ठेवलीत तर आठवड्यातले वेगवेगळे दिवस टाकून बघा, फरक दिसतो. आणि व्हिसा हातात पडायच्या आधी, पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका.

ज्यांना सरकारी शिष्यवृत्ती आहे, उदाहरणार्थ राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती किंवा केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती, त्यांना विमानभाडंही मिळतं. पण ते कागदावर मिळतं. तिकीट, पावती आणि बोर्डिंग पासचा तो चिठोरा, तिन्ही जपून ठेवा. मुलं बोर्डिंग पास पुस्तकात खूण म्हणून घालतात आणि विसरतात.

घर ते विमानतळ

आपल्या मुलांचा प्रवास मुंबईला सुरू होत नाही. साताऱ्याहून मुंबई अडीचशे किलोमीटर, सांगलीहून पावणेचारशेच्या पुढे. मधे खंबाटकी आहे, घाटाखाली पुणं आहे, पुढे द्रुतगती मार्ग आहे. यातलं काहीही तुंबतं.

तारखेचा घोळ सगळ्यात आधी सांगतो. तिकिटावर १५ तारीख, रात्री १.३० असं लिहिलं असेल तर तुम्ही विमानतळावर १४ तारखेच्या रात्री असायला हवं. १५ला रात्री जेवून निघालेली मुलं आम्ही पाहिली आहेत. विमान गेलेलं असतं.

मग विमानतळ कोणता, ते बघा. मुंबईचा जुना विमानतळ सहारचा, तिकिटावर त्याची अक्षरं बीओएम. डिसेंबर २०२५पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमानं सुटू लागली आहेत, त्याची अक्षरं एनएमआय. दोन्हींमध्ये अख्खं शहर आहे. ही तीन अक्षरं वाचल्याशिवाय गाडीवाल्याला पत्ता सांगू नका.

आपल्याकडे पोराला सोडायला घर निघतं. मोठी गाडी ठरते, आई-वडील, आजी, मामा, आत्या, शेजारचे काका. प्रेम आहे, नाही म्हणवत नाही. पण गाडीभाडं, टोल आणि आठ जणांची दोन वेळची जेवणं मिळून जो आकडा होतो, तो वहीत लिहून बघा. शिवाय विमानतळाच्या इमारतीत तिकीट असलेल्यालाच आत सोडतात, म्हणजे निरोप दारातच. आमचं म्हणणं असं की देवाला नमस्कार, ओटी, पेढा, सगळं घरी करा आणि मुंबईला दोघंच जा. आई एसटीनं आली तर मार्च २०२३पासून तिला अर्धं तिकीट आहे, मुलीलाही अर्धंच. ही सवलत एसटीच्या सगळ्या गाड्यांत आहे.

रेल्वेनं जायचं तर महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री आपल्याकडून निघते आणि सकाळी मुंबईत सोडते. कोयना एक्स्प्रेस दिवसभर चालून संध्याकाळनंतर पोचते. युरोप-अमेरिकेची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. त्या दिवशीच्या कोयनेवर विसंबलात आणि गाडी तीन तास रखडली, तर घाम फुटतो. आदल्या रात्रीची महालक्ष्मी घेतली तर अख्खा दिवस हाताशी राहतो. तो दिवस वाया जात नाही. नातेवाइकाकडे आंघोळ, जेवण आणि चार तासांची झोप होते. पुढे बोलणार आहोत, ती झोप फार कामाची आहे.

आता सांगलीकरांसाठी. अमेरिकेची विद्यापीठं ऑगस्टच्या शेवटी उघडतात, म्हणजे आपली मुलं बरोबर महापुराच्या दिवसांत निघतात. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैमध्ये कृष्णा शहरात शिरली, रस्ते बंद पडले, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. आमचा साधा नियम आहे: प्रवासाच्या आठवड्यात पाणी ४० फुटांकडे सरकताना दिसलं, की बॅगा आणि कागद घेऊन पुण्याला जायचं. विमानाला चार दिवस असले तरी. पुण्यात चार दिवस राहण्याचा खर्च तिकीट बुडण्यापेक्षा कमीच असतो.

कोल्हापूरहून मुंबईला विमानानं जायचा विचार असेल तर तेही वेगळंच तिकीट ठरतं, हे लक्षात ठेवा. पावसाळी हवेत ते रद्द झालं तर पुढच्या कंपनीला त्याचं देणंघेणं नसतं.

सामान

सामानाच्या दोन पद्धती असतात. काही कंपन्या एकूण वजन मोजतात, म्हणजे ३० किलो असतील तर कितीही बॅगांत भरा. काही नग मोजतात, म्हणजे दोन नग, प्रत्येकी २३ किलो. नग पद्धतीत एक बॅग २० आणि दुसरी २६ भरली तर बेरीज बरोबर असूनही २६च्या बॅगेला दंड बसतो. कुठलीही एक बॅग ३२ किलोच्या वर जात नाही. बॅगा घरी मोजा. स्प्रिंगचा हातकाटा नसेल तर किराणा दुकानातल्या धान्याच्या काट्यावर मोजा. विमानतळाच्या फरशीवर बॅग उघडून आईनं दिलेल्या चटण्या काढून टाकायची वेळ येऊ नये.

खाण्याच्या वस्तूंबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथे प्रेम आणि नियम यांची गाठ पडते.

सुकं खोबरं नेऊ नका. त्यात तेल असतं, उष्णतेनं ते पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात त्याला बंदी आहे. तूप आणि लोणचं हातातल्या पिशवीत चालत नाही, मोठ्या बॅगेत घट्ट बांधून ठेवायचं. साताऱ्याचे कंदी पेढे जर्मनीला किंवा फ्रान्सला जात नाहीत. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला मनाई आहे, ब्रिटनचाही नियम तसाच आहे. पेढे इथेच वाटा. सांगलीची हळद, बेदाणे, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, असे कोरडे पदार्थ बहुतेक ठिकाणी अडत नाहीत, तरी त्या देशाची यादी बघा. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांनी तर खाण्याची प्रत्येक वस्तू उतरताना फॉर्मवर लिहायचीच. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेल्या वस्तूला मोठा दंड होतो.

पॉवर बँक नेहमी हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत कधीच नाही. मर्यादा साधारण १०० वॉट-तासांची आहे, म्हणजे २७,००० एमएएचच्या आतली. आपल्याकडची २०,०००ची चालते. आकडा तिच्यावर छापलेला असायला हवा, पुसलेला असेल तर अडवू शकतात.

मूळ प्रमाणपत्रं, पासपोर्ट, प्रवेशपत्र, कर्जाची कागदपत्रं, औषधं आणि एक कपड्यांचा जोड खांद्यावरच्या पिशवीत. मोठी बॅग उशिरा आली तरी दुसऱ्या दिवशी विद्यापीठात उभं राहता आलं पाहिजे.

विमानातले तास

मुंबईहून फ्रँकफर्टला साधारण नऊ तास, न्यूयॉर्कला थेट गेलात तर पंधरा-सोळा. इतके तास करायचं काय?

आधी शरीराला काय होतं ते समजून घेऊ. विमान दहा-बारा किलोमीटर उंचीवरून जातं, पण आतली हवा दाबून ठेवलेली असते. तरी ती जमिनीसारखी नसते. आत साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असल्यासारखी हवा असते. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर. म्हणजे नऊ तास तुम्ही महाबळेश्वरच्याही बऱ्याच वर बसलेले असता. त्यात ती हवा अतिशय कोरडी, आर्द्रता बऱ्याचदा २० टक्क्यांच्या खाली. म्हणून घसा सुकतो, डोकं दुखतं, डोळे चुरचुरतात. उपाय सोपा: रिकामी बाटली नेऊन सुरक्षा तपासणीनंतर भरून घ्या, थोडं थोडं पाणी पीत राहा. चहा-कॉफी बेतानं. फुकट मिळते म्हणून दारू घेऊ नका, ती झोप मोडते.

दुसरं, पाय. चार तासांहून लांब बसून केलेल्या प्रवासात पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात दिसलं. घाबरू नका. मुळात तो धोका लहान आहे, सहा हजारांत एक असा. पण दर दीड-दोन तासांनी उठून चालणं, बसल्या जागी घोटे फिरवणं, याला पैसे पडत नाहीत. घरात कुणाला अशा गाठीचा त्रास झाला असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

तिसरं, घड्याळ. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण एक तास सरकतं. जर्मनी उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहे, तीन-चार दिवसांत जमतं. न्यूयॉर्क साडेनऊ तास मागे, तिथे आठवडा किंवा जास्त जातो. पश्चिमेला जाताना त्रास थोडा कमी, पूर्वेला, म्हणजे सुट्टीत घरी येताना, जास्त. बसल्या बसल्या घड्याळ तिकडच्या वेळेवर लावा. तिकडे रात्र असेल तेव्हा झोपा, सिनेमा कितीही चांगला असो. पोचल्यावर दिवसा उजेडात बाहेर हिंडा. उजेडानंच घड्याळ सरकतं. आणि घरमालकाशी करार, बँकेचं खातं, अशा सह्यांच्या गोष्टी पहिल्या दिवशी शक्यतो ठेवू नका. झोपमोड झालेला माणूस बारीक अक्षरं वाचत नाही.

खाशाबांना न मिळालेला अर्धा तास तो हाच. तुम्हाला विमानात नऊ तास मिळतात. त्यातले निदान पाच झोपेला द्या. उरलेल्यांत एक तास कागदांचा: वसतिगृहाचा पत्ता, स्टेशनवरून तिथे जायचा रस्ता, विद्यापीठातल्या संपर्काचा क्रमांक, हे सगळं वहीत हातानं लिहून काढा. तिकडे उतरल्यावर फोनला नेट नसतं आणि बॅटरी संपत आलेली असते. अधिकाऱ्यानं विचारलं तर काय शिकणार, कुठे राहणार, खर्च कोण करणार, याची उत्तरं दोन-दोन वाक्यांत मनात म्हणून ठेवा. उरलेल्या वेळात खिडकीबाहेर बघा. घरातला पहिलाच माणूस विमानात बसलाय, ते बघणंही वसूल करा.

बिघडलं तर

नियम माहीत असले तर बाजू मांडता येते, म्हणून तीनच नियम सांगतो.

बॅग आली नाही किंवा फुटली, तर विमानतळ सोडायच्या आधी सामानाच्या काउंटरवर तक्रार नोंदवा आणि नोंदीचा कागद घ्या. त्यानंतर कंपनीला लेखी कळवायची मुदत असते: सामान खराब झालं असेल तर ते मिळाल्यापासून सात दिवस, उशिरा आलं असेल तर एकवीस दिवस. माँट्रियल करार नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारत त्यात आहे.

युरोपीय संघातून सुटणारं कुठलंही विमान, किंवा युरोपीय कंपनीचं तिकडे जाणारं विमान, कंपनीच्या कारणानं तीन तासांहून जास्त उशिरा पोचलं, तर लांबच्या प्रवासाला ६०० युरोपर्यंत भरपाई मागता येते. मागावी लागते, आपणहून कुणी देत नाही.

भारतात विमान रद्द झालं तर पर्यायी विमान किंवा पैसे परत, यांतलं काय हवं ते निवडायचा हक्क प्रवाशाचा. काउंटरवर दाद लागली नाही तर केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करता येते. भांडू नका. नियमाचं नाव घ्या, लेखी मागा, कर्मचाऱ्याचं नाव लिहून घ्या.

शेवटचे चार मैल

आता साताऱ्याची आणखी एक गोष्ट. १९०१ साली साताऱ्यात राहणारा लहानगा भीमराव, म्हणजे आपले डॉ. बाबासाहेब आंबेडकर, भावंडांबरोबर वडिलांकडे निघाला. वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला नोकरीला. मुलं नवे कपडे घालून आगगाडीनं मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला कुणीच आलं नव्हतं. येतोय म्हणून लिहिलेलं पत्र नोकरानं वडिलांना दिलंच नव्हतं. मुलं महार आहेत कळल्यावर एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं देऊन, गाडी स्वतः हाकत, रात्रभर पाण्याच्या थेंबाशिवाय, सोबतचा डबा न खाता ती पोरं दुसऱ्या दिवशी पोचली. बाबासाहेबांनी पुढे हे स्वतः लिहून ठेवलं.

त्या छळाचं कारण अस्पृश्यता होतं, हरवलेलं पत्र नव्हे, हे स्वच्छ म्हटलं पाहिजे. वडिलांनी गाडी पाठवली असती म्हणून समाज बदलला नसता. पण आम्ही ही गोष्ट मुलांना सांगतो, कारण ज्याच्यापाशी पैसा नाही, ओळख नाही, त्याच्यासाठी लांबच्या प्रवासातला शेवटचा तुकडा सगळ्यात कठीण असतो. आगगाडीनं त्या मुलांना सुखरूप आणलं होतं. पुढे त्यांचं कुणी नव्हतं.

म्हणून दिवसा उतरणारं विमान घ्या. विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला विमानाचा क्रमांक आणि वेळ कळवा. बऱ्याच ठिकाणी सुरुवातीच्या आठवड्यात न्यायला गाडी असते, पण आधी नाव द्यावं लागतं. तिकडच्या एका तरी माणसाकडून 'निरोप मिळाला' असं उत्तर आल्याशिवाय निरोप पोचला असं धरू नका. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर विद्यार्थी म्हणून नोंद करून ठेवा.

आणि तिकडे स्थिरावल्यावर विद्यार्थी म्हणून मिळणाऱ्या सवलती पहिल्या आठवड्यातच शोधा. जर्मनीत बऱ्याच विद्यापीठांच्या शुल्कातच प्रवासाचा पास असतो. ब्रिटनमध्ये १६ ते २५ वयाचं रेलकार्ड काढलं की रेल्वेभाड्यात तिसरा हिस्सा सूट मिळते. जे पैसे शुल्कात आधीच भरलेत, त्यांवर हिंडायला लाजू नका.

सभेतले काही प्रश्न

*एका विद्यार्थिनीनं विचारलं : मी परदेशी नाही, दिल्लीला शिकायला चाललेय. माझ्यासाठी काय?*

ताई, तुझ्यासाठी रेल्वे. सुट्टीत कॉलेजच्या गावाहून घरी येण्या-जाण्यासाठी विद्यार्थ्यांना दुसऱ्या वर्गात आणि स्लीपरमध्ये ५० टक्के सवलत आहे, अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना ७५ टक्के. २०२०मध्ये बऱ्याच सवलती बंद झाल्या, पण ही चालू राहिली. कॉलेजच्या कार्यालयातून सवलतीचा फॉर्म सहीशिक्क्यानं घ्यायचा आणि खिडकीवर तिकीट काढायचं. मोबाइलवर काढलेल्या तिकिटाला ती लागत नाही, म्हणून निम्म्या मुलांना ती माहीतच नाही. आणि रोज गावाहून सातारा-सांगलीला कॉलेजला येणाऱ्यांना एसटीच्या मासिक पासात दोन तृतीयांश सूट असते, बारावीपर्यंतच्या मुलींना तो पास फुकट.

*एका आईनं विचारलं : पोरगं एकटंच बसणार विमानात, इंग्रजी येत नाही नीट. कसं होईल?*

मावशी, विमानात फार बोलावं लागत नाही. पाट्या वाचता आल्या आणि हातात पत्ता लिहिलेली वही असली की होतं. आमच्यातल्या एकीचं इंग्रजी जाताना असंच तोडकंमोडकं होतं. तिनं पाच वाक्यं पाठ केली होती, त्यातली तीनच लागली.

*एका वडिलांनी विचारलं : समजा सगळं करूनही पैसे जास्त गेले तर?*

जातील. पूर येईल, विमान रद्द होईल. म्हणून कर्जाच्या रकमेतच प्रवासासाठी थोडी जादा रक्कम बाजूला ठेवा, साधारण एका आयत्या वेळच्या तिकिटाएवढी, आणि पहिला महिना तिला हात लावू नका. खर्डेकर सरांसारखा माणूस प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही.

निघण्यापूर्वी प्रत्येकानं दारापासून दारापर्यंतचा हिशेब एका पानावर लिहावा आणि ते पान घरी ठेवावं, म्हणजे पोरगं कुठल्या क्षणी कुठे आहे हे आईलाही कळेल. पोचल्यावर पहिला फोन घरी करा. दुसरा आम्हाला केलात तर बरं वाटेल, पुढच्या वर्षीच्या मुलांना सांगायला काहीतरी नवं मिळेल.